४,२९,४९,६७,२९७ : गुणधर्मांची नुसती यादी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत मोठ्या संख्यांचे गुणधर्म सांगणारी चौकट येते. वर्तमानपत्राने गणितासाठी जागा राखून ठेवणे ही मोलाची गोष्ट आहे, म्हणूनच हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे. ताज्या चौकटीत संख्या छापली होती ‘२३२ + १’ आणि खाली तिचे गुणधर्म होते: दहा अंकी, विषम, अंकांची बेरीज ५९, एकूण विभाजक ४, मूळ अवयव ६४१ आणि ६७,००,४१७. पेन्सिल घेऊन पडताळा पाहायला बसलेल्या वाचकाला २३२ + १ = २३३ मिळाले असणार. २३३ तीन अंकी आहे, मूळ आहे, तिला दोनच विभाजक आहेत. म्हणजे ‘विषम’ एवढा एक शब्द सोडला तर यादीतले काहीच जुळत नाही. म्हणायचे होते ‘२ चा ३२वा घात अधिक १’. घातांक वर चढवायचा राहिला आणि सगळी चौकट निरर्थक झाली. मजकूर एका संगणकावरून दुसऱ्यावर जाताना घातांक खाली उतरतो, ही छपाईतली नेहमीची चूक आहे. त्यामुळे घात शब्दांत लिहावा किंवा संख्या पूर्ण छापावी: ४,२९,४९,६७,२९७. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव.

ही चूक एका ओळीच्या दुरुस्तीने निस्तरेल. माझा खरा आक्षेप यादीच्या पद्धतीवर आहे. यादीतले गुणधर्म एका तोलाचे नाहीत, आणि एकाचेही कारण दिलेले नाही. या संख्येबाबत तर कारणे इतकी सुंदर आहेत, आणि शाळेतल्या भागाकारापलीकडे फारसे काही न लागता इतकी पुढे जातात, की ती गाळल्यावर उरते ते फक्त टरफल.

प्रथम संख्या हातात कशी घ्यायची ते पाहू. ३२ वेळा दुप्पट करत बसण्याची गरज नाही. २ पासून सुरुवात करून पाच वेळा वर्ग करायचा: ४, १६, २५६, ६५,५३६ आणि शेवटी ४,२९,४९,६७,२९६. शेवटचा वर्ग कागदावर करताना ६५,५३६ चे ६५,००० आणि ५३६ असे दोन भाग करावेत. ६५,००० चा वर्ग ४,२२,५०,००,०००. दोन्ही भागांच्या गुणाकाराची दुप्पट ६,९६,८०,०००. ५३६ चा वर्ग २,८७,२९६. तिन्हींची बेरीज ४,२९,४९,६७,२९६. त्यात १ मिळवला की आपली संख्या.

आता ‘दहा अंकी’ आणि ‘अंकांची बेरीज ५९’. हे दोन्ही गुणधर्म संख्येचे कमी आणि आपल्या दशमान लेखनाचे जास्त आहेत. हीच संख्या द्विमान पद्धतीत लिहिली तर ३३ अंकी होते: सुरुवातीला १, मध्ये ३१ शून्ये, शेवटी १. तिथे अंकांची बेरीज २. विभाजक किती, मूळ अवयव कोणते, दोन वर्गांच्या बेरजेत ती किती प्रकारे मांडता येते, या गोष्टी मात्र कोणत्याही पद्धतीत लिहिल्या तरी बदलत नाहीत. दोन्ही प्रकार एकाच यादीत, एकाच ठशात छापले की वाचकाला हा फरक कधीच कळत नाही. दशमान गुणधर्म टाकाऊ आहेत असे मी म्हणत नाही. अंकांची बेरीज ५९ म्हणजे ९ ने भागल्यावर बाकी ५, ३ ने भागल्यावर २, हे तिच्यातून मिळते. शेवटचा अंक ७ का, याचेही कारण आहे: १६ चा कोणताही घात ६ वर संपतो आणि ३२वा घात म्हणजे १६ चा आठवा घात. कारण लिहिले की गुणधर्माला वजन येते.

या संख्येला इतिहास आहे तो तिच्या मूळ असण्या-नसण्याच्या प्रश्नामुळे. वर्ग करत जाताना प्रत्येक पायरीला १ मिळवला तर ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या मिळतात. या पाचही मूळ आहेत. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० मध्ये असे मत मांडले की याच रीतीने मिळणारी प्रत्येक संख्या मूळच असेल. सहावी संख्या म्हणजे आपली ४,२९,४९,६७,२९७. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवले की तिला ६४१ ने नि:शेष भाग जातो.

६४१ सापडला कसा, हे चौकटीत यायला हवे होते. अंदाजाने भाग देत जायचे म्हटले तर ६४१ ही ११६वी मूळ संख्या आहे. म्हणजे दहा अंकी संख्येला ११६ भागाकार. आणि ती खरोखर मूळ निघाली असती तर ६५,५३६ पर्यंतच्या सर्व म्हणजे ६,५४२ मूळ संख्यांनी भाग देऊन पाहावे लागले असते. ऑयलरच्या कामाचे मर्म असे की त्याने आधी विभाजकांचा साचा ठरवला.

समजा प ही मूळ संख्या आपल्या संख्येला नि:शेष भागते. मग २ च्या ३२व्या घाताला प ने भागल्यावर बाकी ‘उणे १’ उरते, म्हणजे प पेक्षा एक कमी. त्याचा वर्ग केला की २ च्या ६४व्या घाताची बाकी १. याचा अर्थ, २ चे घात प ने भागत गेलो तर बाक्यांचे चक्र बरोबर ६४ पायऱ्यांनी पुन्हा १ वर येते; ३२ पायऱ्यांनी येत नाही, कारण तिथे उणे १ आहे, आणि म्हणून ३२ च्या कोणत्याही विभाजकाइतक्या पायऱ्यांनीही येत नाही. दुसरीकडे, २ च्या (प − १)व्या घाताची बाकीही १ असते. हा सिद्धान्त फर्माचाच. म्हणून प − १ ला ६४ ने भाग जायलाच हवा. प हा ६४ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या संख्यांपैकीच असणार.

साचा आणखी घट्ट करता येतो. २५६ ला ६५,५३५ ने गुणा: १,६७,७६,९६०. या संख्येच्या वर्गाला आपल्या संख्येने भागले की बाकी २ उरते. पडताळा घ्यायला मोठा गुणाकार नको. ६५,५३५ म्हणजे २ चा १६वा घात उणे १. त्याचा वर्ग म्हणजे ३२वा घात, वजा १७वा घात, अधिक १. यातल्या ३२व्या घाताची आणि १ ची बेरीज ही आपली संख्याच असल्याने बाकीच्या हिशेबात ती शून्य, उरला उणे १७वा घात. २५६ च्या वर्गाने, म्हणजे १६व्या घाताने गुणल्यावर उणे ३३वा घात; ३२वा घात उणे १ असल्याने बाकीच्या हिशेबात तो २ इतकाच. म्हणजे बाक्यांच्या दुनियेत २ ला वर्गमूळ आहे आणि त्या वर्गमूळाचे चक्र ६४ च्या दुप्पट, १२८ पायऱ्यांचे. म्हणून प हा १२८ च्या पटीत १ मिळवूनच येणार. हे घट्ट केलेले रूप एकोणिसाव्या शतकात ल्यूकाने दिले.

या साच्यात बसणाऱ्या संख्या १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. यांतल्या १२९, ३८५ आणि ५१३ उघडच संयुक्त आहेत. उरल्या दोन: २५७ आणि ६४१. एकशे सोळा भागाकारांचे दोन झाले.

तेही दहा अंकी संख्येवर करायचे नाहीत. २ च्या १६व्या घाताची, म्हणजे ६५,५३६ ची बाकी काढा, तिचा वर्ग करा, १ मिळवा आणि पुन्हा भागा. २५७ ने ६५,५३६ ची बाकी १, वर्ग १, अधिक १ म्हणजे २. भाग जात नाही. ६४१ ने ६५,५३६ ची बाकी १५४; १५४ चा वर्ग २३,७१६; अधिक १ म्हणजे २३,७१७; आणि ६४१ × ३७ = २३,७१७. भाग गेला. एका पोस्टकार्डावर मावेल एवढे हे काम आहे. ऑयलरचा जुना, ६४ चा साचा घेतला तर १९३, ४४९ आणि ५७७ याही तपासाव्या लागतात. त्यांच्या बाक्या अनुक्रमे १०९, ३२५ आणि २८८ येतात.

भाग जातो एवढे कळले, पण दुसरा अवयव हवा असेल तर प्रत्यक्ष भागाकार करावाच लागतो, आणि चूक नेमकी इथे होते. ४,२९४ मध्ये ६४१ सहा वेळा, बाकी ४४८. पुढचा अंक ९ उतरवला: ४,४८९ मध्ये सात वेळा, बाकी २. पुढचा ६ उतरवला: २६. यात ६४१ एकदाही नाही, म्हणून भागाकारात शून्य. पुढचा ७ उतरवला: २६७. पुन्हा शून्य. मग २ उतरवला: २,६७२ मध्ये चार वेळा, बाकी १०८. ९ उतरवला: १,०८९ मध्ये एकदा, बाकी ४४८. शेवटचा ७: ४,४८७ मध्ये सात वेळा, बाकी ०. भागाकार ६७,००,४१७.

ती दोन शून्ये घाईत सुटली तर भागाकार ६७,४१७ येतो. आता शाळेत शिकवलेला नवाचा पडताळा लावून पाहा. ६४१ च्या अंकांची बेरीज ११, तिची २. ६७,००,४१७ ची बेरीज २५, तिची ७. दोन साते चौदा, चौदाचे पाच. आणि ५९ चेही शेवटी पाचच. जुळले. पण ६७,४१७ ची बेरीजही २५ आहे! चुकलेले उत्तरही पडताळ्यात उत्तीर्ण होते. शून्य गळल्याने अंकांची बेरीज बदलत नाही, त्यामुळे ही चूक नवाच्या पडताळ्याला दिसूच शकत नाही. मग अकराचा पडताळा? उजवीकडून एकाआड एक अंक मिळवत आणि वजा करत गेले तर ६७,००,४१७ चे ९ येतात आणि ६७,४१७ चेही ९ च येतात. एकच शून्य सुटले असते तर अकराने चूक पकडली असती. दोन सुटली की डावीकडचे अंक दोन घरे सरकतात, अधिक-उणे चिन्हांचा क्रम तोच राहतो, आणि चूक निसटते. शंभराला ९ ने भागा नाही तर ११ ने, बाकी १ च उरते, हे त्यामागचे कारण. इथे कामी येतो तो साधा अंदाज: ६४१ × ६७,४१७ = ४,३२,१४,२९७, म्हणजे चार कोटींच्या घरात. आपल्याला हवे होते चारशे एकोणतीस कोटी. मोठ्या संख्येच्या कोणत्याही गुणाकारात आधी अंकांची संख्या मोजावी, मग नऊ-अकराकडे वळावे.

भागाकार न करताही ६४१ चा दावा सिद्ध होतो. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६४१ म्हणजेच ६२५ + १६, अर्थात ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. पहिल्या मांडणीवरून ५ गुणिले २ चा सातवा घात याची बाकी उणे १. त्याचा चौथा घात घेतला: ५ चा चौथा घात गुणिले २ चा २८वा घात, बाकी १. दुसऱ्या मांडणीवरून, बाकीच्या हिशेबात ५ चा चौथा घात म्हणजे २ च्या चौथ्या घाताला उणे चिन्ह, म्हणजे उणे १६. तो वर घातला की २ च्या ३२व्या घाताला उणे चिन्ह लावून येणाऱ्या संख्येची बाकी १. म्हणजे ३२वा घात अधिक १ याची बाकी ० आलीच. चार ओळींची ही सिद्धता चौकटीच्या अर्ध्या जागेत बसेल.

यादीत ६७,००,४१७ ला बेधडक ‘मूळ अवयव’ म्हटले आहे. ती मूळ आहे हे खरे, पण ते सिद्ध करण्याची जबाबदारी कोणीच घेत नाही. वर्गमूळ साधारण २,५८८ येते. म्हणजे तिथपर्यंतच्या मूळ संख्या तपासायला हव्यात. पण ६७,००,४१७ चा कोणताही विभाजक मूळच्या दहा अंकी संख्येचाही विभाजक असणार, म्हणून तोच १२८ चा साचा इथेही लागू पडतो. २,५८८ पर्यंत या साच्यातल्या मूळ संख्या पाचच आहेत: २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९. (१,५३७ पाहून फसू नये, ती २९ × ५३ आहे. २,१७७ ही ७ × ३११ आणि २,५६१ ही १३ × १९७.) पाचांनी भागल्यावर बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४ आणि ६२२ येतात. एकही शून्य नाही, म्हणून ६७,००,४१७ मूळ आहे. पाच भागाकारांत पुरा निकाल. ६४१ ने पुन्हा भागून पाहणे अनेकांना अनावश्यक वाटते, पण तोच अवयव दोनदा येऊ शकतो, त्यामुळे ते टाळता येत नाही.

अवयव ठरले की विभाजकांचे गणित झटपट होते. विभाजक चार: १, ६४१, ६७,००,४१७ आणि संख्या स्वतः. चौघांची बेरीज ६४२ × ६७,००,४१८ = ४,३०,१६,६८,३५६. संख्येपेक्षा लहान आणि तिच्याशी सहमूळ (१ खेरीज सामाईक विभाजक नसलेल्या) अशा संख्या ६४० × ६७,००,४१६ = ४,२८,८२,६६,२४०.

दोन वर्गांच्या बेरजेचा गुणधर्म चौकटीत नव्हताच, आणि मला तो सगळ्यांत देखणा वाटतो. आपली संख्या म्हणजे ६५,५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग, हे तिच्या रचनेतच आहे. मूळ संख्या असती तर ही एकच मांडणी शक्य होती. पण दुसरीही आहे: ६२,२६४ चा वर्ग अधिक २०,४४९ चा वर्ग. पडताळा: ३,८७,६८,०५,६९६ + ४१,८१,६१,६०१ = ४,२९,४९,६७,२९७. २०,४४९ हा स्वतः १४३ चा वर्ग आहे, ही जाता जाता नोंद.

दुसरी मांडणी मिळते ती सातव्या शतकात ब्रह्मगुप्ताने दिलेल्या ‘भावना’ नावाच्या गुणाकाराच्या रीतीने. ६४१ म्हणजे २५ चा वर्ग अधिक ४ चा वर्ग. ६७,००,४१७ म्हणजे २,५५६ चा वर्ग अधिक ४०९ चा वर्ग. आता चार गुणाकार करा: २५ × २,५५६ = ६३,९००; ४ × ४०९ = १,६३६; २५ × ४०९ = १०,२२५; ४ × २,५५६ = १०,२२४. पहिल्या दोघांची बेरीज ६५,५३६ आणि नंतरच्या दोघांची वजाबाकी १: ही पहिली मांडणी. पहिल्या दोघांची वजाबाकी ६२,२६४ आणि नंतरच्या दोघांची बेरीज २०,४४९: ही दुसरी. १०,२२५ आणि १०,२२४ मध्ये एकाचाच फरक पडतो, म्हणूनच ‘अधिक १’ इतका लहान वर्ग शिल्लक राहतो.

उलट दिशेनेही जाता येते. दोन मांडण्या माहीत असतील तर अवयव काढायला भागाकार लागत नाही, मसावि पुरतो. ६५,५३६ − ६२,२६४ = ३,२७२ आणि २०,४४९ − १ = २०,४४८ यांचा मसावि ८. ६५,५३६ + ६२,२६४ = १,२७,८०० आणि २०,४४९ + १ = २०,४५० यांचा मसावि ५०. दोन्हींचे निम्मे करा: ४ आणि २५. वर्गांची बेरीज १६ + ६२५ = ६४१. अवयव हाती आला. निम्मे करायला विसरले तर ६४ + २,५०० = २,५६४ मिळते, हे चारपट आहे; ही चूक इथे हमखास होते.

संगणकावर पडताळा घेऊ पाहणाऱ्या वाचकांसाठी दोन-तीन धोके सांगायला हवेत. तपासायच्या संख्येला ‘न’ म्हणू. मूळ संख्या ओळखण्याची सोपी चाचणी म्हणून अनेकजण २ चा (न − १)वा घात न ने भागून पाहतात. न मूळ असेल तर बाकी १ येते. आपल्या संख्येला ही चाचणी लावली तर बाकी १ च येते, आणि संयुक्त संख्या मूळ असल्याचा भास होतो. २ च्या ६४व्या घाताची बाकी १ आहे आणि न − १ ला ६४ ने भाग जातो, त्यामुळे इथे दुसरे उत्तर येणे शक्यच नव्हते. २ ऐवजी ३ घ्यावा. पेपाँची १८७७ ची चाचणी असे सांगते की ३ पासून सुरू करून ३१ वेळा वर्ग करत आणि दर वेळी बाकी घेत गेले, तर मूळ संख्येच्या बाबतीत शेवटी उणे १, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ यायला हवे. येते १,०३,२४,३०३. संख्या संयुक्त आहे याचा हा अवयवाशिवायचा पुरावा.

हे वर्ग स्प्रेडशीटमध्ये करू नयेत. पाचव्याच वर्गाला, म्हणजे ३ च्या ३२व्या घाताला, १,८५,३०,२०,१८,८८,५१,८४१ ही सोळा अंकी संख्या येते. स्प्रेडशीट पंधरा अंकच जपते आणि शेवटचा १ शून्य होऊन दिसतो. तो आकडा तसाच उतरवून बाकी काढली तर ३,७९,३२,०१,४५८ ऐवजी एकाने कमी येते, आणि पुढचे सगळे वर्ग वाया जातात. त्या बाकीचा वर्ग वीस अंकी आहे. स्वतः प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी चिन्हासह ६४ बिटांचा पूर्णांक घेतला तर हा वर्ग त्यात मावत नाही आणि उत्तर ऋण दिसू लागते. मोठे पूर्णांक जसेच्या तसे हाताळणारी भाषा वापरावी. ३२ बिटांच्या पूर्णांकात तर आपली संख्याच मावत नाही: तिथे २ च्या ३२व्या घाताचे शून्य होते आणि १ मिळवल्यावर उत्तर १ छापले जाते.

३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५, आपल्या संख्येहून दोनने लहान. तिचे अवयव ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७, म्हणजे फर्माच्या पहिल्या पाचही मूळ संख्या. विषम बाजूंची सुसम बहुभुजाकृती केवळ कंपास आणि पट्टीने काढता येण्यासाठी बाजूंची संख्या म्हणजे वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार असावा लागतो. १७ बाजूंची आकृती शक्य आहे हे गाऊसने १७९६ मध्ये दाखवले, आणि अट पुरी सिद्ध झाली १८३७ मध्ये, वांत्झेलकडून. आज माहीत असलेल्या पाच मूळ संख्यांतून अशा ३१ विषम संख्या होतात आणि त्यांतली सर्वांत मोठी ही ४,२९,४९,६७,२९५ आहे. आपली संख्या मूळ असती तर ही यादी इथे थांबली नसती.

दशमान गुणधर्मच द्यायचा असेल तर अंकांच्या बेरजेपेक्षा हा द्यावा. १ ला ६४१ ने भागले की दशांश चिन्हानंतर ३२ अंकांचे आवर्तन येते. पहिले सोळा अंक ००१५६००६२४०२४९६०, पुढचे सोळा ९९८४३९९३७५९७५०३९. एकाखाली एक मांडून बेरीज केली की प्रत्येक स्तंभात ९. कारण तेच, फक्त २ च्या जागी १०: दहाच्या १६व्या घाताला ६४१ ने भागल्यावर बाकी उणे १ उरते. गंमत अशी की दहाच्या आठव्या घाताची बाकी १५४ आहे, आणि २ च्या १६व्या घाताचीही १५४ च होती.

माझी विनंती अशी की चौकटीत गुणधर्म एकच द्यावा, पण कारण आणि पडताळ्यासकट. पुढच्या खेपेसाठी याच मालिकेतली सातवी संख्या सुचवतो: २ चा ६४वा घात अधिक १, म्हणजे १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१७. तिचा लहान अवयव २,७४,१७७ आहे. तो १८५५ मध्ये क्लाउझेनला सापडला होता, आणि १८८० मध्ये लाँद्रीने तो प्रसिद्ध केला. इथे साचा २५६ च्या पटीचा: २५६ × १,०७१ + १. वीस अंकी भागाकार करायचा नाही. २ च्या ३२व्या घाताला, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ ला, २,७४,१७७ ने भागावे, बाकी २,५८,७६८. ती भाजकाहून १५,४०९ ने कमी आहे, म्हणून वर्ग १५,४०९ चाच करावा: २३,७४,३७,२८१. त्यात १ मिळवून २,७४,१७७ ने भागले की भागाकार ८६६ येतो आणि बाकी शून्य.

आपला,
एक नियमित वाचक